पाळी बदलताना चुका लपवल्या जातात. विश्वास कसा निर्माण करावा?

प्रश्न: नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी नऊ जणांच्या गटाचा सुपरवायझर आहे. पाळी संपताना रिजेक्ट झालेले जॉब (मशीनवर बनवलेले, पण सदोष निघालेले नग) मशीनमागच्या क्रेटमध्ये सरकवले जातात आणि ठपका पुढच्या पाळीवर येतो. काय करावे?

उत्तर १: उद्दिष्ट केवळ नगसंख्येचे असेल, तर माणसे रिजेक्ट लपवणारच. कामाच्या ठिकाणच्या गटांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये दाखवले, की चूक सांगितल्यावर अपमान होणार नाही अशी खात्री असलेला गट अधिक शिकतो; म्हणून पहिली चूक आपण स्वतःची सांगावी.

उत्तर २: सातपूरला आम्ही दोन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरांना दहा मिनिटे मशीनपाशी एकत्र उभे केले. कुरकुर झाली (बस चुकते!), पण क्रेट दोघांसमोर मोजला जाऊ लागला.

प्रश्नकर्ता: उद्दिष्ट नगसंख्येचेच आहे. उद्याच रजिस्टरमध्ये रिजेक्टच्या कारणाचा रकाना आखतो.