सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरातून गावाला काय मिळतं?

गोदाकाठचा

डिसेंबर-जानेवारी आला की त्र्यंबक, पेठ, दिंडोरीकडच्या गावांत नाशिकच्या कॉलेजांच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे (रासेयो) ‘विशेष हिवाळी श्रमसंस्कार शिबिर’ असे फलक लागतात. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री पथनाट्य. सातव्या दिवशी सरपंचांना शाल-श्रीफळ देऊन समारोप. आता नव्या शैक्षणिक धोरणात समाजसहभागालाही श्रेयांक (क्रेडिट) आलेत, म्हणजे सेवा योजनेत नसलेली मुलंही गावात जाणार. म्हणूनच हा विषय आत्ता काढतोय.

माझं मत असं की सात दिवसांची ही पद्धत बंद करावी. तीच मुलं आणि तोच पैसा एका गावाच्या मागे किमान तीन वर्षं उभा करावा.

शिबिरात हमखास होणारा वनराई बंधाराच घ्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडव्या रचायच्या. खर्च जवळपास नाही, उपयोग चांगला. पण हा बंधारा पाऊस थांबल्यावर, ओढा वाहता असताना घालायचा असतो. पेठ-सुरगाण्यात दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि मार्चनंतर तिथल्याच बाया विहिरीच्या तळाशी उतरून हंडे भरतात. पाणी अडवायचं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आपण जातो जानेवारीत, ओढ्याची धार करंगळीएवढी झाल्यावर. फोटो मात्र छान येतो.

दुसरं म्हणजे गावातले लहान धंदे. पिठाची गिरणी, किराणा, पापड करणारा बचत गट. कॉमर्सच्या मुलांनी वर्षभर त्यांच्या हिशेबाच्या वहीशेजारी बसायला हवं, रस्ता झाडायला नव्हे. रस्ता गाव स्वतः झाडतं.

रासेयोवाले सर

मी कॉलेजात रासेयोचा कार्यक्रम अधिकारी आहे, म्हणून उत्तर देणं भाग आहे. सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिचा उद्देश पहिल्या दिवसापासून ‘सेवेतून विद्यार्थ्याचं शिक्षण’ हाच आहे. गावाचा विकास ही ग्रामपंचायतीची आणि शासनाची जबाबदारी. ती आमच्या १९-२० वर्षांच्या पोरांच्या खांद्यावर टाकून वर पोरंच नापास झाली म्हणायचं, हा अन्याय आहे.

नाशकात गंगापूर रोडला वाढलेली मुलगी पहिल्यांदा जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरंजीवर झोपते, पन्नास जणांच्या स्वयंपाकात हात घालते, हापशावरून पाणी आणते. तिला जे कळतं ते वर्गात तीन वर्षं बसूनही कळत नाही. हे मोजता येत नाही म्हणून ते नाहीच असं समजू नका.

आणि शिबिर हा योजनेचा एक तुकडा आहे. त्याखेरीज प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. तुम्ही म्हणता एक गाव तीन वर्षं सांभाळा. सांभाळणार कोण? मीच. माझे वर्गावरचे तास कमी होत नाहीत, पेपर तपासणी टळत नाही. त्याबद्दल कोणी बोलत नाही.

पेठची लेक

सर, राग मानू नका, पण तुमच्या मुलीला काय कळलं हे सांगताना आम्हाला काय मिळालं ते राहूनच गेलं.

जानेवारीत आमच्या गावात असतं कोण? भात, नागली (नाचणी) घरात आली, दिवाळी झाली की हातीपायी धड असलेली माणसं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात. मागे राहतात म्हातारीकोतारी आणि शाळेतली पोरं. तुमचं व्यसनमुक्तीचं पथनाट्य तेच बघतात. मागच्या एका शिबिरात शौचालय वापरा म्हणून तासभर समजावलं. पाण्याचं विचारलं तर तो विषय आमच्याकडे नाही म्हणाले.

आता चांगलं झालं तेही सांगते. आमचा बचत गट नागलीचे पापड करतो. नाशिकचा एक दुकानदार घ्यायला तयार होता, पण पाकिटावर नोंदणी क्रमांक नाही म्हणून अडला. आम्ही गटाचं नाव आणि सप्तशृंगीचा फोटो एवढंच छापलेलं. बी.कॉम.च्या दोन मुली पावसाळ्यापासून होळीपर्यंत येत राहिल्या. बारा लाखांच्या आत उलाढाल असलेल्यांना तेव्हा अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरायची, फी वर्षाला शंभर रुपये. हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. मग पाकिटावर निव्वळ वजन, घटक, पॅकिंगची तारीख, हिरवा ठिपका सगळं आलं. एक अख्खी दुपार तर पापड वाळवायच्या आधी तोलायचा की नंतर, यावरच गेली. आम्ही ओला तोलायचो. वाळल्यावर पाकीट हलकं भरायचं आणि गिऱ्हाईक तक्रार करायचं. मुलींनी शंभर पापड ओले तोलले, वाळल्यावर पुन्हा तोलले आणि दर नव्याने काढून दिला.

त्या मुली शिबिरातल्या नव्हत्या. त्यांच्या मॅडमनी प्रकल्प म्हणून पाठवल्या होत्या.

हिशेबनीस, सातपूर

ताई, तुमचं चांगलं झालं याचा आनंदच आहे. पण मी लहान धंद्यांची कागदपत्रं करतो आणि विद्यार्थ्यांनी करून ठेवलेले घोळ माझ्या टेबलावर येतात.

नोंदणी करताना ईमेल आणि मोबाईल नंबर लागतो. गटातल्या बाईचा ईमेल नसतो, मोबाईलला रेंज नसते, म्हणून मुलगा घाईत स्वतःचा टाकतो. क्रमांक मिळतो, फोटो निघतो, प्रकल्प जमा होतो. पुढे नोंदणीत काही बदल करायची वेळ आली की ओटीपी जातो पुण्याला नोकरी करणाऱ्या त्या मुलाला, आणि त्याचा नंबर गटाकडे नसतो. असं प्रकरण सोडवायला नवी नोंदणी करण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

चुकीचं विवरण भरलं तर दंड धंदेवाल्याला होतो, कॉलेजला नाही. डॉक्टरकीची मुलं वरिष्ठांच्या देखरेखीशिवाय रुग्णाला औषध लिहून देत नाहीत. मग गरिबाच्या धंद्यावर हात बसवायची मुभा कॉमर्सच्या मुलांना कशी? सेवेच्या नावाखाली कच्चं काम गावाच्या माथी मारू नका.

पेठची लेक

मुद्दा बरोबर आहे भाऊ. आमच्या नोंदणीला गटाच्या अध्यक्ष ताईंचाच नंबर आहे, आणि ओटीपी यायचा म्हणून त्या शाळेमागच्या टेकाडावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. पण तुम्ही सांगा, सावळघाट चढून आमच्याकडे कोणता सल्लागार येतो? तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने महिन्यातून एक शनिवार त्या मुलांच्या मागे बसायचं ठरवलं तर तुमचीही तक्रार मिटेल आणि आमचीही.

टी.वाय.बी.कॉम.

विद्यार्थ्यांना कोणी विचारत नाहीये म्हणून लिहितो. मी श्रेयांकासाठी गावात गेलो. फॉर्ममध्ये जिओटॅग फोटो, हजेरी, अहवाल, सरपंचांचं पत्र सगळं मागतात. गावाला काय हवं होतं, हे लिहायला एक ओळसुद्धा नाही. एसटीचं भाडं आम्हीच द्यायचं.

तीन वर्षं एकाच गावात जा म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे. वर्गातली निम्मी मुलं दुपारनंतर कामाला जातात, कोणी अंबडला कंपनीत, कोणी दुकानात. माझ्या वडिलांची सिडकोत वडापावची गाडी आहे. त्यांनाही रोजचा हिशेब लिहायची सवय नाही, कर्ज हवं तेव्हा दाखवायला कागद नाही. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तरी त्यांच्याकडून एका एजंटाने पैसे घेतले. लहान धंद्याला मदत करायचीच तर कॉलेजच्या फाटकासमोरचे हातगाडीवाले का नकोत? तिथे आम्ही रोज जाऊ शकतो, भाड्याशिवाय. सेवा म्हटलं की गावच, हे कोणी ठरवलं?

येवल्याचा विणकर

आमच्याकडे डिझाइनची मुलं फक्त चार दिवस होती. त्यांनी आम्हाला धंदा शिकवला नाही, आणि बरंच झालं. पैठणीचा पदर उलटून दाखवायचा एक छोटा व्हिडिओ त्यांनी केला. हातमागाच्या पैठणीत काठ-पदराची नक्षी उलट बाजूनेही तशीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या मालात मागे धागे लोंबतात किंवा कापलेले असतात. गिऱ्हाईक आता दुकानात येऊन स्वतः पदर उलटतं. भौगोलिक मानांकन असून जे झालं नव्हतं ते या एका गोष्टीने थोडंफार झालं.

त्याआधीच्या वर्षी दुसऱ्या एका कॉलेजने ऑनलाइन विक्रीचं पान काढून दिलं होतं. चौकशा इतक्या आल्या की उत्तरं द्यायला माणूस पुरेना. भरगच्च नक्षीच्या एका साडीला मागावर महिने जातात, ऑर्डर वाढल्या म्हणून हात वाढत नाहीत. तेव्हा सात दिवस की तीन वर्षं हा वाद मला पटत नाही. आधी माग बघा, मग किती दिवस लागतील ते ठरवा.

मोरचूद-चुना

मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला कृषिदूत म्हणून निफाड तालुक्यात होतो. ग्रामीण कृषी कार्यानुभव हा आमच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे, गावात शेतकऱ्यांबरोबर काम करावं लागतं आणि त्याचे गुण असतात. मी हा धागा सुरू करणाऱ्या ‘गोदाकाठचा’ यांच्या बाजूचा आहे.

बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाचं प्रात्यक्षिक आम्ही सगळेच देतो. एक टक्क्याला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना. द्राक्षवाल्या काकांनी सगळं ऐकून घेतलं, मग विळा धुऊन द्रावणात बुडवला. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय आणि पानं करपणार. ही विळ्याची परीक्षा पुस्तकातही आहे, पण चुना जुना, हवा लागून मेलेला असला की एक किलोचं गणित फसतं, हे काकांनी सांगितलं. हंगामभर राहिलो म्हणून त्यांनी मला बागेत घेतलं. आठवड्याच्या पाहुण्याला चहा मिळतो, बाग नाही.

गोदाकाठचा

विणकर दादांचं मान्य, कामाप्रमाणे मुदत ठरावी. शहरातल्या हातगाड्यांचं तर पूर्णच मान्य. पण सर, बंधाऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही. शिबिर ऑक्टोबर-नोव्हेंबरात का होत नाही?

रासेयोवाले सर

कारण त्या सुमाराला सत्र परीक्षा असतात आणि वेळापत्रक विद्यापीठ ठरवतं. मध्ये दिवाळीची सुट्टी येते, तेव्हा पालक मुलं सोडत नाहीत. हे मी बदलू शकत नाही.

पेठची लेक

म्हणजे पाणी कधी अडवायचं हे परीक्षेचं वेळापत्रक ठरवणार.

माझी सूचना आहे. १५ ऑगस्टला ग्रामसभा असते. कॉलेजने तिथे यावं, गावाने काम सांगावं, ते ठरावात लिहावं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत काय झालं आणि काय राहिलं ते मुलांनीच उभं राहून सांगावं. आमचा पेसाचा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याचा भाग आहे, ग्रामसभेला वजन आहे. आणि सगळी मुलं नाशिकहूनच का आणायची? मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशकातच आहे. मी त्यातून बी.ए. करतेय, माझ्यासारख्या गावात राहून शिकणाऱ्या पोरी तालुक्यात बऱ्याच आहेत. कॉलेजच्या मुलांची जोडी आमच्याशी लावा. ती गेली तरी वही आमच्याकडे राहील.

रासेयोवाले सर

जोडीची कल्पना मी प्राचार्यांपुढे ठेवतो. ग्रामसभेत हिशेब द्यायला मात्र माझा विरोध आहे. मुलं शिकायला येतात, भर सभेत त्यांना जाब विचारला तर पुढच्या वर्षी कोणी नाव देणार नाही. हिशेब मी देईन. आणि ठरावात एक ओळ तुमच्या बाजूनेही हवी, आमच्या पन्नास मुलांबरोबर गावातली किती माणसं गोण्या भरायला येणार ती.

पेठची लेक

जाब मुलांना नको, कॉलेजला विचारू, हे चालेल. माणसांची ओळही लिहून देते, घरटी एक. पण भाऊबीज झाल्यावर लगेच यायचं, द्राक्षाच्या गाड्या भरायच्या आत. जानेवारीची तारीख घातलेल्या ठरावावर आमच्या बाया अंगठा देणार नाहीत.