सभेची नोटीस प्रत्येक सभासदाच्या मोबाइलवर वाचता आली पाहिजे

कृष्णाकाठ:
पलूस भागातल्या आमच्या पाणीपुरवठा संस्थेनं वार्षिक सभेची नोटीस आणि ताळेबंद वर्ड फाइलमध्ये पाठवला, तोही जुन्या मराठी फॉन्टात. असले फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवतात. ज्याच्याकडे फॉन्ट नाही त्याला नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. पाणीपट्टी वाढवायचा विषय असताना सभासदानं काय वाचून हात वर करायचा? माझं म्हणणं असं, की मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो त्या पद्धतीत, टाइप करा आणि पीडीएफ पाठवा.

विश्रामबाग डीटीपी:
पीडीएफ मान्य. फॉन्ट आतच जातो, सगळीकडे सारखं दिसतं. मग युनिकोडचा हट्ट कशाला? इथं अजून बरंच काम पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि त्याला युनिकोड मराठी झेपत नाही.

कृष्णाकाठ:
दिसतं, पण शोधता येत नाही. जुन्या फॉन्टच्या पीडीएफमध्ये ‘थकबाकी’ शोधा, सापडणार नाही. कॉपी केलं तर पुन्हा तीच रोमन अक्षरं. अंध सभासदाचा मोबाइल ते वाचून दाखवू शकत नाही, आणि मला हे सगळ्यात जास्त लागतं. पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ची. तिच्यासाठी सभासदांनी किती वर्षं अडून राहायचं?

तासगावची बाग:
माझा पीडीएफलाच विरोध आहे. ए-फोर पान मोबाइलवर बघताना ओळ डावीकडून उजवीकडे ढकलत बसावं लागतं. तारीख, वेळ, विषय थेट मेसेजमध्ये लिहा, फाइल लागतेच कशाला? आणि दुरुस्ती सुचवायची तर पीडीएफ काय कामाचा?

कृष्णाकाठ:
नोटिशीपुरतं पटलं, ती मेसेजमध्येच हवी. ताळेबंदाचे रकाने मात्र मेसेजमध्ये विस्कटतात, तिथं पीडीएफच. २००८ पासून तो आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय, मानक आहे, एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अडत नाही. दुरुस्तीच्या मसुद्याला ओडीटी हा बदल करता येणारा फाइलप्रकार घ्या, तोही २००६ पासून आयएसओ मानक आणि लिबरऑफिस या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो.

विश्रामबाग डीटीपी:
दादा, बोलायला सोपं आहे. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायची साधनं आहेत, पण रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकीच्या जागी जाते. ओळ न् ओळ तपासावी लागते. त्या कामाचे पैसे संस्था देणार का?

कृष्णाकाठ:
दिलेच पाहिजेत, तुमची मेहनत फुकट कशी घ्यायची? छपाई खर्चात वेगळी तरतूद करा, असं लेखी पत्र सभेआधी सचिवांना देतो. जुने अहवाल सावकाश होऊ देत. यंदाचा ताळेबंद मात्र युनिकोडमध्ये नव्यानं टाइप करून द्या.