रिमफायर रायफल कपाटात जपायची की रेंजवर न्यायची?

नळीचा पाईक

संग्राहक रिमफायर रायफलींची (स्फोटक मसाला बुडाच्या कडेत असलेली .२२सारखी काडतुसं झाडणाऱ्या) किंमत ज्या निकषांवर ठरवतात ते मला पटत नाहीत, म्हणून हा धागा काढतोय. मूळ खोका आहे का, ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळा-काळा थर, किती टक्के शिल्लक आहे, दस्त्यावर ओरखडा आहे का, यावरच सगळा भाव. नळी आतून कशी आहे, चाप कसा सुटतो, ५० मीटरवर पाच गोळ्या कुठे बसतात, हे विचारणारे फार थोडे. माझ्या मते रिमफायरमध्ये हवीहवीशी रायफल म्हणजे जी आजही नेमकं मारते ती. बाकी सगळं नंतर.

विंचेस्टर ५२ घ्या. पहिलं महायुद्ध संपल्यावर खास नेमबाजीसाठी काढलेली ही बोल्ट रायफल. कारखान्याने ती साधारण साठ वर्षं बनवली आणि सतत सुधारत नेली. चाप ओढल्यापासून पिन आदळेपर्यंतचा वेळ कमी करायचा, चाप आणखी स्वच्छ सुटेल असं बघायचं, यात त्या कारागिरांनी जीव ओतला. १९५१च्या सी मॉडेलचा मायक्रो-मोशन चाप ज्यांनी ओढलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. आणि आपण तिच्या निळाईचे टक्के मोजतो!

‘झाडली तर झिजेल’ ही भीती जोरकस सेंटरफायरला, म्हणजे मसाला काडतुसाच्या बुडाच्या मधोमध असलेल्या रायफलीला, ठीक आहे. .२२ लाँग रायफलची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम, आणि मऊ शिशाची. मॅचची काडतुसं आवाजाच्या वेगाखालीच राहतात, दाब कमी, उष्णता कमी. अशी नळी हजारोंनी गोळ्या पचवते. ती बिघडते बहुतेकदा पुढच्या तोंडातून गज घालून घासणाऱ्यांच्या हातून.

मूळप्रत

झिजेचं मान्य. पण माझं भांडण झिजेशी नाहीच, पुराव्याशी आहे. अमेरिकेत १९६८चा गन कंट्रोल ॲक्ट येईपर्यंत प्रत्येक रायफलीवर क्रमांक घालण्याची सक्ती नव्हती, त्यामुळे साध्या .२२ रायफली लाखोंनी विनाक्रमांक बाहेर पडल्या. अशा रायफलीचा जन्मदाखला तिच्या अंगावरच असतो. रेमिंग्टनच्या नळीवरच्या बारीक अक्षरखुणेवरून महिना आणि वर्ष लागतं. विंचेस्टरचा लंबगोलातला डब्ल्यूपी शिक्का नळीवर आणि रिसीव्हरवर (नळीमागच्या यंत्रणेच्या घरावर) कसा बसलाय ते भिंगाखाली बघावं लागतं. ‘नवीन करून देतो’ म्हणणाऱ्याने ती पॉलिशच्या चाकावर धरली की कडा गोल होतात, अक्षरं पुसट होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा खचतात. हे परत येत नाही. नळी नवी बसवता येते, १९३८चं ब्लूइंग पुन्हा चढवता येत नाही.

विंचेस्टर ६१ घ्या. १९३२ ते १९६३ या काळातली, घोडा आत दडलेली पंप रायफल. सुरुवातीच्या ६१च्या माथ्यावर दुर्बिणीसाठी खाचा नव्हत्या. मग ‘नेमच महत्त्वाचा’ म्हणणाऱ्या मालकांनी गिरमिट लावलं. एकेका भोकासरशी एकेक रायफल संग्रहातून गेली. माझा राग त्यावर आहे.

नळीचा पाईक

भोकं पाडणाऱ्यांची वकिली मी कुठे केली? झाडणं वेगळं, बदलणं वेगळं. मी म्हणतोय ते इतकंच की खोक्यातून कधीच बाहेर न काढलेल्या रायफलीला दुप्पट-तिप्पट भाव द्यायचा आणि तिचं शेजारचं भावंड, जे निगुतीनं वापरलेलं आहे आणि दहाच्या वर्तुळातून हलत नाही, ते ‘फक्त शूटर’ म्हणून बाजूला सारायचं, हा अन्याय आहे. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. त्यात गोळीमागून गोळी घालणारी जुनी रायफल ही माझ्या लेखी जास्त मोठी चीज.

पंपवाला

तुम्ही दोघंही उंची रायफलींबद्दलच बोलताय. लोकांना मनापासून हव्या असतात त्या दुसऱ्याच. मार्लिन ३९ए बघा, १८९१पासून चालत आलेल्या घडणीची लिव्हर रायफल. एक मोठा स्क्रू नाण्यानं फिरवला की दोन तुकडे होतात, आणि शॉर्ट, लाँग, लाँग रायफल तिन्ही काडतुसं ती न कुरकुरता चालवते. जॉन ब्राउनिंगची एसए-२२ बघा. बेल्जियमच्या एफएनने ती १९१४च्या सुमारास बनवायला घेतली. काडतुसं दस्त्यातून भरायची, रिकामी टरफलं खालून पडतात, त्यामुळे डावखुऱ्याच्या तोंडावर काही उडत नाही. तीही हातानं फिरवून दोन भागांत सुटते. इतकी सुबक ऑटोमॅटिक मला दुसरी दाखवा.

आणि रेमिंग्टनची नायलॉन ६६! १९५९ला ड्युपॉंटच्या झायटेल नायलॉनमध्ये आली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. त्याच वर्षी टॉम फ्राय यांनी हवेत उडवलेल्या १,००,०१० लाकडी ठोकळ्यांवर ती चालवली आणि फक्त ६ चुकवले. दहा लाखांहून जास्त बनल्या, म्हणजे दुर्मिळ म्हणता येणार नाही, तरी सेनेका ग्रीन रंगाची निघाली की लोक धावतात. दुर्मिळता आणि हवीहवीशी असणं एकच नव्हे.

अक्रोडी

नायलॉन ६६ चालते उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्या भिंतीवर साच्यातून ओतलेला दस्ता येणार नाही. विंचेस्टर ५२च्या स्पोर्टर या प्रकाराचा अक्रोडाचा दस्ता, त्यावरची हातानं कोरलेली जाळी, गालाचा उंचवटा, हे बघितल्यावर माणसानं वेळ दिलाय हे दिसतं. किम्बर ऑफ ओरेगॉनची ८२ याच कारणासाठी मागतात. लाकूड हा शृंगार नाही, रायफलीचा अर्धा जीव तोच आहे.

कोरडा चाप

अक्रोडी, लाकडाचं निघालंच आहे तर एक गोष्ट प्रत्येक संग्राहकानं मनावर घ्यावी. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्राउनिंगच्या काही दस्त्यांचं लाकूड मिठानं सुकवलं होतं. टी-बोल्ट ही रिमफायरसुद्धा त्या फेऱ्यात सापडली. वरून रायफल लखलखीत, आणि दस्ता सुटा केला की खालचं पोलाद गंजानं खाल्लेलं. त्यामुळे ‘कपाटात आहे, कोणी हात लावला नाही, म्हणजे उत्तम’ हे मूळप्रत यांचं गृहीत मला धोक्याचं वाटतं. त्या काळातली ब्राउनिंग घेताना स्क्रू काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पण पाईकसाहेब, तुमचाही निकष सगळीकडे लागत नाही. रिमफायरचं टरफल पुन्हा भरता येत नाही, कारण स्फोटक मसाला बुडाच्या कडेत बसवलेला असतो आणि पिननं ती कड एकदा चेपली की संपलं. सेंटरफायरवाला जुन्या मापाचं काडतूस घरी भरून घेतो, आपल्याला कारखान्याकडे तोंड करून बसावं लागतं. .२५ स्टीव्हन्स आणि .३२ रिमफायरच्या सुंदर सुंदर रायफली काडतुसांअभावी मुक्या झाल्या. रेमिंग्टनच्या ५९१ आणि ५९२ या ५ मिलिमीटर मॅग्नमसाठी १९७०च्या सुमारास काढलेल्या. काडतूस बंद पडलं आणि मालक वर्षानुवर्षं हात चोळत बसले. अशा रायफली नेम दाखवू शकत नाहीत म्हणून त्या संग्रहाच्या लायकीच्या नाहीत, असं म्हणणार का?

हात जोडून आणखी एक: पाहुण्यांना दाखवताना जुन्या .२२चा रिकामा चाप ओढू नका. बऱ्याच जुन्या रायफलींत पिन थेट चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, कडेवर आदळते, तिथे खड्डा पडतो, मग टरफलं अडकतात. नव्या जागेवरून आलेल्या रायफलीचं चेंबर आधी बघा, मग भाव बोला.

नळीचा पाईक

५९१ चा मुद्दा बिनतोड आहे. काडतूसच नसेल तिथे माझा निकष लावणं गैर. पण जिथे काडतूस मिळतं तिथे मी मागे हटणार नाही. आता मला याचं उत्तर द्या: मिरोकू या जपानी कारखान्याने १९९०च्या दशकात ५२ स्पोर्टर जपानमध्ये पुन्हा बनवली. पोलाद चांगलं, घडण चोख, नेम उत्तम. संग्राहक तिला ‘नक्कल’ म्हणून खालच्या फळीवर ठेवतात. हा निव्वळ शिक्क्याचा मोह नाही का?

मूळप्रत

नाही. मिरोकूची रायफल अप्रतिम आहे, आणि झाडायला म्हणून कोणी विचारलं तर मी तीच सुचवीन. पण १९३४मध्ये मंदीच्या ऐन तडाख्यात एका कारखान्यानं .२२साठी इतकं महाग काम बाजारात आणलं, ही घटना मूळ स्पोर्टरमध्ये आहे. साठ वर्षांनी काढलेल्या रायफलीत ती कुठून येणार? आणि संग्राहक त्या घटनेसाठीच पैसे मोजतो.

शिशाची गोळी

पाईकदादा, तुमच्या ‘५० मीटरवर पाच गोळ्या’ या कसोटीवरच माझा आक्षेप आहे. मी मॅच खेळते म्हणून सांगते, रिमफायरमध्ये त्या पाच गोळ्या रायफलीइतकंच काडतुसाचं माप काढतात. इलेची टेनेक्स किंवा लापुआ अशी नामांकित मॅच काडतुसं असली तरी एका लॉटला (कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या काडतुसांना) नळी जुळते, दुसऱ्या लॉटला नाही. म्हणून तर खेळाडू रायफल घेऊन लॉट तपासायला जातात आणि जुळलेला लॉट पेट्यांनी उचलतात. एखादी अनशुट्झ ५४ ही नावाजलेली मॅच रायफलही चुकीच्या लॉटबरोबर सामान्य वाटू शकते. एका दुपारी लक्ष्यावर बसलेल्या गोळ्यांच्या गटावरून तिची किंमत ठरवणं हे खोक्यावरून ठरवण्याइतकंच उथळ आहे. शिवाय पाच गोळ्यांचा गट नशिबानंही जुळतो. निदान दहाचे गट घ्या, अनेक घ्या, वेगवेगळ्या लॉटने घ्या.

नळीचा पाईक

ताई, मान्य, पाच फारच कमी. मग असं करू: जी रायफल विकायची तिच्याबरोबर चार-पाच लॉटचे दहा-दहाचे गट, काडतुसाचा लॉट नंबर आणि अंतर लिहून, कागदासकट द्यायचे. ब्लूइंगचे टक्के सांगता तसं हेही सांगा. मग घेणाऱ्याला ठरवू दे काय मोजायचं.

मूळप्रत

असा कागद मी आनंदानं जपेन, खोक्यासकट. पण कधीच न झाडलेली ६१ माझ्याकडे आली तर त्या कागदासाठी मी तिच्यात काडतूस घालणार नाही. तुम्ही घालाल, आणि इथे आपलं जमणार नाही.