ठिपक्यांच्या चित्रांचा जमिनीशी संबंध

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या ठिपक्यांच्या चित्रांबद्दल ‘जमिनीशी नातं वगैरे गॅलऱ्यांनी विक्रीसाठी चिकटवलं’ असं म्हटलं जातं; पर्यटकांसाठीच्या स्वस्त मालाबाबत ते मान्य. पण न्गुरारा कॅनव्हास हे भलंमोठं चित्र विक्रीसाठी नव्हतंच, तो आदिवासींनी आपल्या पारंपरिक जमिनीवर हक्क मागितला त्या दाव्यातला पुरावा होता. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट सँडी वाळवंटातल्या वालमाजारी, वांगकाजुंगा वगैरे आदिवासी समाजांनी १९९७ साली पिरनिनी इथे जमिनीवर अंथरून तो रंगवला, सुमारे ८ बाय १० मीटरचा. आदल्या वर्षीचा कॅनव्हास लहान आणि अपुरा वाटला म्हणून हा दुसरा. वाटेल तिथे कुंचला चालवायची मुभा नाही: ज्याचं ज्या पाणवठ्याशी नातं, त्याने तेवढाच भाग रंगवायचा. बारमाही पाणवठे म्हणजे ‘जिला’ वेगळे, हंगामी म्हणजे ‘जुमू’ वेगळे. सुनावणीत दावेदार कॅनव्हासवर रंगवलेल्या आपापल्या पाणवठ्यावर उभे राहून स्वतःच्या भाषेत बोलले. निकाल लागला २००७ मध्ये, सुमारे ७७ हजार चौरस किलोमीटरवरचा हक्क मान्य झाला.

एक मात्र, याला सर्व्हेचा नकाशा समजून अंतरं मोजू नका, फसाल. पाणवठे एकमेकांच्या कुठल्या बाजूला आहेत आणि ते कोणाचे आहेत हे यात कळतं. प्रमाण मात्र महत्त्वानुसार बदलतं, त्यामुळे मोठा जिला कित्येक किलोमीटर वाळू गिळून बसतो.