उशांपेक्षा विटा बऱ्या, आणि हिमोग्लोबिनही बघा
हायटस हर्निया (छाती-पोटामधल्या श्वासपटलाच्या पडद्यातून जठराचा भाग वर छातीत सरकणं) असलेल्यांनी रात्री जळजळ होऊ नये म्हणून दोन-तीन उशा घेऊन झोपावं आणि झोपण्याच्या तीन तास आधी जेवावं, असं या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय. त्यातला उशांचा सल्ला पटला नाही. उशांनी मान तेवढी वर जाते, कंबरेत घडी पडते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू ६ ते ८ इंच उचलायची. झोपण्याआधी तीन तास जेवण आटपायचं, हे मात्र अगदी मान्य (लग्नसराईत जमवून दाखवा!).

एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. आमच्या सासूबाईंना जळजळ, आंबट ढेकर काहीच नव्हतं. नुसता थकवा आणि हिमोग्लोबिन कमी. लोहाच्या गोळ्या बंद केल्या की पुन्हा खाली. शेवटी एंडोस्कोपीत मोठा हायटस हर्निया निघाला. जठराचा वर सरकलेला भाग श्वासपटलाशी घासून तिथे व्रण पडतात, त्यांना कॅमेरॉन लीजन म्हणतात. त्यांतून थोडं थोडं रक्त जात राहतं, बहुतेकदा दिसतही नाही. त्यामुळे हर्निया मोठा असेल तर अ‍ॅसिडिटी आटोक्यात असली तरी डॉक्टरांना विचारून अधूनमधून सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजणारी रक्ततपासणी) करून घ्या. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर लगेच दाखवा. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळपट होतो, तेव्हा त्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.