कागदाची उडती तबकडी : घुमटाचं काय केलंत?

आमच्याकडे इंदूरला महालक्ष्म्यांपुढची आरास ठरलेली असते. शेत, विहीर, बैलगाडी, एखादं देऊळ. यंदा भाच्याने जाहीर केलंय की शेतात उडती तबकडी उतरणार. आजीचा काही विरोध नाही. "उतरू दे की, पुरण काय कमी पडणार आहे?" एवढंच म्हणाली. म्हणजे आता करणं आलं.

वरचं-खालचं अंग सोपं आहे. कार्डशीट 160 ते 200 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) घ्यायचा, कर्कटकाने 5 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि 30 अंशांची पाचर कापून कडा जोडायच्या. चिकटवायला एका कडेशी अर्धा सेंमी कागद जास्त ठेवा. साधारण 9.2 सेंमी रुंद आणि 2 सेंमी उंच असा बसका शंकू होतो. असे दोन तोंडाला तोंड लावले की तबकडी.

गाडी अडते ती घुमटापाशी. कागद एका वेळी एकाच दिशेने वळतो. दोन्हीकडून वळवायला गेलं की सुरकुत्या पडतात. तेव्हा ज्यांनी ज्यांनी ही भानगड केली आहे त्यांनी लिहा. स्वतः केलेलंच हवं, 'व्हिडिओ बघा' नको.

कात्रीवाली, टिळकनगर
पाकळ्या, दुसरं काय. दीड सेंमी त्रिज्येचा अर्धगोल हवा असेल तर 8 पाकळ्या, प्रत्येकीची लांबी 2.4 सेंमी, बुडाशी रुंदी 1.2 सेंमी, वर टोकदार. दोन्ही कडा सरळ रेषेत कापू नका, किंचित फुगीर हव्यात, नाहीतर घुमटाऐवजी तंबू होतो.

एकाच तुकड्यातून आठही कापल्या की फूल छान दिसतं, पण वळवताना काही पाकळ्या गोल येतात आणि काही मोडतात. दोष हाताचा नसतो, कागदाच्या ग्रेनचा, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या दिशेचा असतो. शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, एका बाजूने तो मुकाट वळतो. त्या वळण्याच्या दिशेने लांबी धरून पाकळ्या सुट्या कापायच्या, पेन्सिलीवर घोळवायच्या आणि आतून पातळ कागदाच्या पट्टीने जोडायच्या. फेव्हिकॉल टूथपिकने, अगदी पुसट. जास्त लागला की कागद ओला होऊन फुगतो, आणि वाळल्यावर जे वेडंवाकडं होतं ते सरळ होत नाही.

निवृत्त फिटर
एवढा उपद्व्याप कशाला? गोळ्यांच्या पाकिटावर प्लास्टिकचे तयार फुगे असतात. बीपीच्या गोळीचा फार लहान पडतो, कॅल्शियमच्या मोठ्या गोळीचा बरोबर बसतो. शंकूचं टोक कापून भोक पाडायचं, फुगा आतून वर सरकवायचा. पाकिटाची सपाट कड त्याला आपोआप धरून ठेवते. आरपार दिसतं, आत माणूसही बसवता येतो.

कात्रीवाली, टिळकनगर
काका, धाग्याचं नाव 'कागदाची' आहे हो.

निवृत्त फिटर
ताई, घुमटाच्या काचा तिकडे तरी कागदाच्या असतील का?

खजुरी बाजारवाला
मी घुमट वळवतच नाही, रचतो. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद, त्याच्या उतरत्या मापाच्या चकत्या, एकावर एक. लांबून घुमट दिसतो, जवळून पायऱ्या. वरून चांदीचा कागद लावायचा मोह होतो, तो आवरा. प्रत्येक पायरीवर चुरगळतो. चंदेरी रंगाचा एक हात दिला तरी पुरतं.

विमानवेडा
मुळात घुमट हवाच कशाला? 24 जून 1947 ला अमेरिकेत माउंट रेनियरजवळ केनेथ आर्नल्ड या वैमानिकाला 9 वस्तू उडताना दिसल्या आणि तिथून हे सगळं सुरू झालं. पाण्यावर बशी फेकली तर ती जशी उसळत जाते तशा त्या जात होत्या, असं त्याचं सांगणं. बशी आली ती चालीसाठी. त्याने काढून दिलेला आकार पुढे गोल, मागे निमुळता होता. पेपरवाल्यांनी बशी छापली आणि आपण सगळे आजवर बशा कापत बसलो आहोत.

खरी माणसं बसवलेली तबकडी करायची तर कॅनडाच्या ॲव्रो कंपनीची ॲव्रोकार करा. अमेरिकी लष्करासाठी दोन बनवल्या होत्या. व्यास 18 फूट, मधोमध मोठा पंखा, त्याची हवा कडेने खाली सोडायची. जमिनीपासून 3 फुटांच्या वर गेली की डगमगायला लागे, म्हणून 1961 मध्ये प्रकल्प गुंडाळला. मधे पंखा, चालक दोन बाजूंना, त्यामुळे मोठा घुमट नाहीच! 72 पटीने लहान केली तर व्यास 7.6 सेंमी येतो. शंकू मात्र फार बसका ठेवा, पाचर 10 ते 15 अंशांचीच.

दोन पोरांची आई
आमच्या घरी मुद्दा एकच होता, उडेल का? सपाट चकती सरळ फेकली की पुढची कड वर उचलते आणि ती उलटते, कारण हवेचा रेटा मध्यबिंदूच्या पुढे लागतो. गरगर फिरवत फेकली की सावरते. वाढदिवसाच्या कागदी प्लेटा दोन घ्या, तोंडाला तोंड चिकटवा, कडेवरून टेप फिरवा. वजन कडेला गेलं की फिरणं जास्त टिकतं. अंगण पार करते. शेजारच्या काकूंचं वाळवणही पार करते, तेव्हा दिशा बघून.

मिलच्या झांक्या बघणारा
तोंडाला तोंड म्हणणं सोपं आहे, पण दोन शंकूंच्या कडांना चिकटायला जागाच नसते. मधे सपाट चकती घाला, शंकूपेक्षा 2 मिमी मोठी. वरचा शंकू तिच्यावर, खालचा तिच्याखाली. दिवे लावायचे असतील तर चिकटवायच्या आधीच चकतीला कडेने भोकं पाडून एलईडीची माळ ओवून घ्या, बॅटरी खालच्या अंगात, आणि सेल बदलायला एक झाकण ठेवा. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले रोषणाईचे देखावे, बघत वाढलेल्या माणसाला दिव्यांशिवाय काही पटत नाही.

धागाकर्ता
ॲव्रोकारवर माझं मन बसलं होतं. भाच्याने एका वाक्यात नापास केली : "काचेतून हिरवा माणूस दिसणार नसेल तर उपयोग काय?" तेव्हा फिटरकाकांचा फुगा नक्की, अंग मात्र कागदाचंच. कोणाकडे कॅल्शियमच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट असेल तर सांगा, रामबागेपासून राजवाड्यापर्यंत कुठेही घ्यायला येतो.