मदत हवी आहे: वस्तीचा रस्ता नव्याने आखतायत, सभेला न येणाऱ्यांचं म्हणणं कसं गोळा करायचं?

वळणावरचा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

आमच्या वस्तीतला मुख्य रस्ता आणि त्याला लागून असलेल्या गल्ल्या पालिका नव्याने करणारे. फूटपाथ, दिवे, क्रॉसिंग, बसस्टॉप, मधलं छोटं मैदान, सगळंच. आराखडा अजून कच्चा आहे म्हणतात, आणि रहिवाशांचं म्हणणं लेखी द्या असं आमच्या गटाला सांगितलंय. ते गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मीटिंगमध्ये प्रश्न मीच जास्त विचारत होतो :)

तर सभा घेतली. गर्दी चांगली झाली पण आलं कोण, तर साठीच्या आसपासचे पुरुष, बहुतेकांकडे गाडी, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत विषय एकच, पार्किंग. एका ताईंनी बसस्टॉपजवळच्या अंधाराचं काढलं तर लगेच कुणीतरी "कॅमेरे बसवून टाकू" म्हणालं, झालं, विषय संपला. कॉलेजच्या मुली, शाळेची पोरं, रात्रपाळी करून येणारे, वॉकर घेऊन चालणाऱ्या आजी, व्हीलचेअरवाले, दृष्टिहीन, यातलं एकही माणूस नाही. मग ऑनलाइन फॉर्म फिरवला, तो भरणारेही जवळपास तेच निघाले.

आता माझा गोंधळ असा की जे येतच नाहीत त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं, आणि पोचलो तरी विचारायचं काय, कारण "तुम्हाला काय हवंय" म्हटलं की सगळे "चांगला रस्ता हवाय" एवढंच सांगतात. शिवाय मी ऐकलंय की व्हीलचेअरवाल्यांना फूटपाथची कड नको असते आणि दृष्टिहीनांना ती हवी असते, मग असं उलटसुलट आलं तर ठरवायचं कुणी? कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा. थिअरी कमी चालेल.

---

रिकामटेकडा

उगाच दमू नका. आराखडा कच्चा आहे म्हणजे फक्त सह्या व्हायच्या राहिल्यात. तुमच्या सभेचा फोटो फाइलला लागेल, खाली "लोकसहभाग" असं लिहिलेलं असेल, आणि रस्ता व्हायचा तसाच होईल.

---

नकाशावाली

रिकामटेकडा म्हणतात ते अगदीच खोटं नाहीये, पण त्यावर उपाय आहे. मी प्लॅनिंगच्या कामात बरीच वर्षं काढलीयेत म्हणून सांगते.

थिअरी नको म्हणालात तरी एक ऐका. शेरी आर्नस्टीन नावाच्या बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खालच्या दोन पायऱ्यांवर लोकांना नुसतं गुंडाळतात. मधल्या तीनवर माहिती देतात, मत विचारतात, थोडं चुचकारतात, पण निर्णय त्यांचाच. वरच्या तीनवर लोकांच्या हातात खरोखर काहीतरी येतं. तुम्ही कुठल्या पायरीवर आहात हे लोकांना बोलवायच्या आधी शोधा. म्हणजे थेट अधिकाऱ्यालाच विचारा की काय काय ठरून गेलंय. रस्त्याची रुंदी फायनल आहे का, टेंडर निघालंय का, दिव्यांच्या खांबांच्या जागा हलू शकतात का, बसस्टॉप सरकवता येतो का, क्रॉसिंग कुठे हे उघडं आहे का. उत्तर लेखी घ्या. जे ठरून गेलंय त्यावर लोकांचा वेळ घालवायचा नाही, आणि तसं त्यांना तोंडावर सांगायचं. लोक यायचे बंद होतात ते बहुतेक याच कारणाने, मागच्या वेळी बोलले त्याचं काय झालं ते कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरं म्हणजे सभा हा प्रकार पहिल्या फेरीला विसरा. सभेत बोलायची सवय असलेला माणूसच बोलतो. त्यापेक्षा रस्त्यावर चाला, पाच-सहा जणांचा गट करून, आणि ज्या वेळी ती माणसं तो रस्ता वापरतात त्याच वेळी. टोरंटोत मेट्रॅक या संस्थेने १९८९ मध्ये बायकांसाठी सेफ्टी ऑडिटची पद्धत तयार केली ती हीच, बायकांनी स्वतः अंधार पडल्यावर फिरायचं आणि बघायचं की समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसतो का, पुढच्या वळणामागे काय आहे ते कळतं का, हाक मारली तर कुणाला ऐकू जाईल, निसटायला वाट आहे का. "सुरक्षित वाटतं का?" असं मोघम विचारायचंच नाही. तिथे बसमध्येही बदल झाला, १९९१ पासून रात्री एकट्या प्रवास करणाऱ्या बाईला दोन स्टॉपच्या मध्ये उतरता यायला लागलं. आता बघा, कॅमेरे हे उत्तर धरून बसलं असतं तर हे सुचलं असतं का कुणाला?

आणि दिव्यांचं. जास्त प्रकाश म्हणजे सुरक्षित असं नसतं. एक झगझगीत दिवा आणि पुढे काळोखाचा पट्टा असेल तर डोळ्यांना उलट कमी दिसतं. सारखा पसरलेला प्रकाश मागा, आणि झाडाच्या फांद्यांत दिवा गेलाय का ते वर मान करून बघा (हे कुणीच बघत नाही).

---

कानोसा

मी पूर्ण दृष्टिहीन, स्क्रीन रीडरवर टाइप करतोय, शुद्धलेखन पोटात घाला.

कडेचा प्रश्न खरा आहे. आम्हाला फूटपाथ संपून रस्ता सुरू झाला हे काठीला किंवा पायाला कळावं लागतं. सगळं एका पातळीत सपाट करून टाकलं की दिसायला सुंदर आणि आम्ही थेट गाड्यांमध्ये. ब्रिटनमध्ये असे सपाट, सगळ्यांचा एकच रस्ता धर्तीचे रस्ते बरेच झाले होते, त्यात "ड्रायव्हर आणि पादचारी नजरेने एकमेकांना समजून घेतील" अशी कल्पना. नजरेने. आम्ही काय करायचं? दृष्टिहीनांच्या संघटनांनी बराच आवाज केल्यावर २०१८ मध्ये तिथल्या सरकारनेच वर्दळीच्या ठिकाणी असे नवे रस्ते थांबवा म्हणून सांगितलं.

पण हे भांडण वाटतं तेवढं मोठं नाहीये. क्रॉसिंगपाशी कड उतरवून शून्य करा, आमची हरकत नाही, फक्त तिथे ठिपक्यांच्या टाइल्स हव्यात. ठिपके म्हणजे थांब, पुढे धोका, आणि लांबट पट्ट्या म्हणजे या दिशेने चाल. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी या टाइल्स शोधल्या, १९६७ मध्ये ओकायामाला अंधशाळेजवळच्या क्रॉसिंगवर पहिल्यांदा बसवल्या. पन्नास वर्षं उलटून गेली तरी अजून लोक त्या डिझाइन म्हणून बसवतात. पट्ट्यांवरून सरळ चालत गेलो आणि समोर विजेचा डीपी. असं होतं कारण बसवणाऱ्याने आमच्यातल्या कुणाला सोबत घेऊन चालून बघितलेलं नसतं.

---

दोन_चाकं_हाताची

कानोसा +१. मी व्हीलचेअर वापरते आणि आमच्या दोघांत भांडण लावून देणारे लोक मला फार भेटतात, "तुमचंच आपसात ठरत नाही मग आम्ही काय करणार" असं म्हणून मोकळे होतात. म्हणून वळणावरचा, आम्हाला वेगवेगळं भेटू नका. एकाच वेळी, एकाच कोपऱ्यावर बोलवा. अर्ध्या तासात तोडगा निघतो, कागदावर महिनाभर निघत नाही.

काही गोष्टी टेप घेऊन मोजा, कारण "रॅम्प आहे" या वाक्याला काहीच अर्थ नाही. उतार १:१२ धरतात, म्हणजे फूटपाथ १५ सेंटीमीटर उंच असेल तर रॅम्प १८० सेंटीमीटर लांब लागतो. बहुतेक ठिकाणी त्याच्या निम्माही नसतो, मग तो घसरगुंडी होतो आणि मागून कुणीतरी धरावं लागतं. रॅम्पच्या तोंडाशी बाइक अडवायला खांब ठोकले असतील तर त्यातून खुर्ची जाते का ते मोजा. आणि फूटपाथची रुंदी झाडं, खांब, पायऱ्या, बोर्ड सोडून जी उरते ती, कागदावरची नाही.

अजून एक. मी सभेला का येत नाही माहितीये? सभा पहिल्या मजल्यावर असते.

---

फळा_आणि_डस्टर

मुलांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, मी शाळेत शिकवते. मुलांना प्रश्नावली देऊ नका, नकाशा द्या. घर ते शाळा रस्ता काढायला सांगा आणि जिथे भीती वाटते तिथे लाल, आवडतं तिथे हिरवा ठिपका. मोठ्यांना माहीतच नसलेल्या वाटा कळतात. ऑस्लोमध्ये यासाठी अ‍ॅप काढलंय, मुलं गुप्तहेर बनतात आणि शाळेच्या वाटेवर कुठे झुडपाने रस्ता दिसत नाही, कुठे गाड्या जोरात येतात ते तिथल्या तिथे कळवतात, निरोप थेट पालिकेकडे.

आणि मैदानाचं फक्त मुलांना विचारून थांबू नका, मुलींना वेगळं विचारा. व्हिएन्नात नव्वदच्या दशकात लक्षात आलं की साधारण दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागेत दिसेनाशाच होतात. मोठं मोकळं मैदान असलं की मुलगे ते व्यापतात, मुली भांडत बसत नाहीत, निघून जातात. मग १९९९ च्या सुमारास तिथल्या आइन्सीडलर पार्कसारख्या दोन बागांमध्ये जागेचे छोटे छोटे भाग पाडले, फुटबॉलशिवाय दुसऱ्या खेळांना जागा केली, मुली परत आल्या. तुमचं मैदान छोटं आहे म्हणताय, तरी दोन भाग आणि दोन बाजूंनी वाट एवढं तरी मागाच.

---

वळणावरचा

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. अधिकाऱ्यांना फोन केला, नकाशावालींनी सांगितलेले प्रश्न विचारले. रुंदी ठरलीये, बाकी क्रॉसिंग, दिवे, बसस्टॉप, मैदान अजून बदलता येईल म्हणाले. लेखी देतो म्हणालेत, बघू.

नवीन भानगड अशी की गटातल्या काही ज्येष्ठांचं म्हणणं, बाकडी काढा, तिथे अनोळखी पोरं बसतात, बाकडी गेली की वस्ती सुरक्षित. मला पटत नाहीये पण उत्तर काय द्यायचं कळत नाही, वयाने मोठे आहेत, उगाच दुखवायचं नाहीये.

---

नकाशावाली

वाद घालूच नका. त्यांच्याच घरातल्या आजींना विचारा की बाजूच्या दवाखान्यापर्यंत न टेकता चालवतं का. ज्यांना चालायला त्रास आहे त्यांच्यासाठी साधारण दर ५० मीटरवर टेकायला जागा असावी असं ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. बाकडं गेलं की पोरं दुसरीकडे जातात, आजी घरात बसतात. आणि रस्त्यावर माणसं असणं हीच राखण असते हे शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज १९६१ मध्येच सांगून गेल्यात. रात्री येणाऱ्या बायकांना विचारा, रिकाम्या रस्त्याची भीती जास्त वाटते की बसलेल्या माणसांची. काही जणी पोरांचीही म्हणतील, तर तेही लिहून घ्या, मग बाकडं उजेडात आणि खिडक्यांच्या समोर सरकवायचं, काढायचं नाही.

क्रॉसिंगवर सिग्नल असेल तर सेकंद मोजा. हिशोब बहुतेक वेळा सेकंदाला १.२ मीटर चालीने करतात. १२ मीटर रस्त्याला १० सेकंद. आजींची चाल ०.८ असेल तर त्यांना १५ लागतात, म्हणजे शेवटचे चार मीटर लाल दिव्यात. सिंगापूरमध्ये ज्येष्ठ आणि दिव्यांग लोक खांबावर कार्ड टेकवतात आणि हिरवा दिवा जास्त वेळ मिळतो. तुमच्याकडे ते होईल न होईल, पण वेळ वाढवून मागायला खर्च काहीच नाहीये.

---

रिकामटेकडा

चला, लेखी देतो म्हणाले हेच पुष्कळ. माझ्याकडून एक भर, अपघाताचे आकडे दाखवून "इथे काही झालेलंच नाही" असं म्हणतील. ज्या कोपऱ्यावरून लोकांनी जाणंच सोडलंय तिथे अपघात होणार कुठून. म्हणून कुठून जाता एवढंच नका विचारू, कुठून जायचं टाळता आणि त्यासाठी किती लांबून वळसा घालता तेही विचारा.

---

वळणावरचा

हे भारी आहे, घेतलं. शेवटचा प्रश्न, हे सगळं पालिकेला द्यायचं कुठल्या स्वरूपात?

---

नकाशावाली

लांब निवेदन नको. एक नकाशा, त्यावर नंबर, आणि प्रत्येक नंबरला एक फोटो, एक माप, कुणाला त्रास होतो, काय केलं तर सुटेल. सोबत एक रिकामा कॉलम ठेवा, "पालिकेचं उत्तर". तो त्यांनी भरायचा, हो किंवा नाही, आणि नाही असेल तर का. भरून आलेला तक्ता वस्तीत लावा, जे जे चालायला आले त्यांना वाचून दाखवा. आणि जिथे एकमत होत नाही, उदा. क्रॉसिंग इथे की तिथे, तिथे काँक्रीट ओतायच्या आधी रंग आणि ट्रॅफिकचे प्लास्टिकचे कोन लावून काही आठवडे करून बघू असं सुचवा, पार्किंगवाले पण त्याला पटकन तयार होतात कारण तात्पुरतं आहे.

---

कानोसा

त्या तात्पुरत्याला एक अट. नुसता रंग आम्हाला दिसत नाही. कोनच्या मध्ये काठीला लागेल असं काहीतरी सलग ठेवा, आणि बदल करायच्या आधी आम्हाला कळवा. आणि चालायला बोलवलेल्यांना जाण्यायेण्याचा खर्च द्या, तो गटाच्या वर्गणीतून निघत नसेल तर पालिकेकडे मागा. सल्ला देणाऱ्या इंजिनिअरला पैसे मिळतात, आम्हाला चहा.

---

दोन_चाकं_हाताची

आणि भेटायची जागा तळमजल्यावर :)